मळीपासून कानाचा पडदा? आधी त्या मळीची परीक्षा

पाचवीत असताना माझा उजवा कान फुटला. गणिताच्या मास्तरांनी कानफटात दिली, आत 'फट्' झालं आणि दिवसभर त्या कानात शिट्टी वाजत राहिली. अशा माराने फाटलेला पडदा बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत आपोआप भरून येतो. माझाही आला असता. पण आजीने लसूण तडतडवून केलेलं तेल कोमट करून कानात सोडलं ("उगं पड, दोनच थेंब हायेत"), आणि उन्हाळ्याचे दिवस असल्याने मी सकाळ-संध्याकाळ विहिरीत. कान वाहायला लागला तो लागलाच. आज पन्नाशीला टेकलो तरी अंघोळीआधी खोबरेल तेलात बुडवलेला कापसाचा बोळा कानात घालतो, मगच डोक्यावर तांब्या ओततो.

त्यामुळे 'आता वनस्पतींपासून कान' अशी काही बातमी फिरली की ती आधी माझ्याकडे येते. कुणी सफरचंदातून कोरलेल्या कानाचा फोटो धाडतं, कुणी पालकाच्या पानावर धडधडणाऱ्या पेशींचा व्हिडिओ. परवा परभणीकडच्या चुलतभावाचा फोन. त्याचा चार एकर ऊस आहे. म्हणाला, "दादा, मळीपासून कानाचा पडदा बनवायलेत म्हणं. मग आपल्या कारखान्याला सांगावं का?" (मळी म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा घट्ट काळा पाक.)

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, कानाचा डॉक्टर नाही. पण प्रश्न माझ्याच कानाचा असल्याने यात बरंच डोकं घातलंय. त्याला फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

पडदा म्हणजे हलगीचं कातडं

कानाचा पडदा शर्टाच्या बटणाएवढा असतो. व्यास नऊ-दहा मिलिमीटर, जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. त्यात तीन थर असतात: बाहेरून कातडी, मध्ये चिवट तंतू, आतून ओलसर अस्तर. आवाज आला की तो थरथरतो, त्याला चिकटलेली हातोडी हलते, तिच्यामागे ऐरण, तिच्यामागे रिकीब. ही तीन हाडं मिळून ती थरथर आतल्या पाण्यापर्यंत पोचवतात. आपण साधं बोलतो तेव्हा पडदा हलतो तो मिलिमीटरच्या एक लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. यावरून त्या कामाची नजाकत कळावी.

हलगी ज्याने वाजवली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. शेकोटीवर धरून कातडं ताणलं नाही तर 'कडाड'च्या जागी 'बद्द' वाजतं. भोक पडलं तर वाजतच नाही. आणि भोकावर जाड कातड्याचं ठिगळ चिकटवलं तर भोक बुजतं, पण नाद जातो. कानाच्या पडद्याचं अगदी तसंच आहे. त्यात भर म्हणजे पडद्यावरची कातडी स्थिर नसते. ती मधून कडेकडे रोज साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा सरकत असते. कानातला मळ आपोआप बाहेर येतो तो याच सरकत्या कातडीमुळे. बाजारात लाल फेटा बांधून सळई घेऊन बसणाऱ्याला ते काम देण्याची खरं तर गरज नसते.

ठिगळं लावायची जुनी खटपट

१६४० साली मार्कस बँझर नावाच्या जर्मन वैद्याने हस्तिदंती नळीवर डुकराच्या मूत्राशयाची पातळ त्वचा ताणून ती फुटक्या कानात बसवली होती. १८८७ मध्ये बोस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेकने चक्क कागदाचा तुकडा चिकटवला. हे वाचून हसू येतं, पण लहान भोकावर कागद लावण्याची युक्ती आजही चालते. भोकाच्या कडेच्या पेशी त्या कागदाच्या आधाराने पुढे सरकतात, भोक बुजतं, आणि सरकती कातडी तो कागद बाहेर ढकलून देते.

आता कागद म्हणजे काय? झाडाचा लगदा. म्हणजे कानाच्या पडद्याला वनस्पतीचा टेकू देण्याची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. बातमीत ती 'क्रांती' म्हणून येते एवढंच.

मोठ्या भोकाला कागद पुरत नाही. १९५०च्या दशकापासून त्यासाठी नीट शस्त्रक्रिया रुळली. तिला टिंपॅनोप्लास्टी म्हणतात, आपल्याकडे लोक 'पडदा बसवणे' म्हणतात. कानशिलावर बोटं ठेवून सुपारी चावा. बोटांखाली जो फुगतो तो चावण्याचा स्नायू. त्याच्यावर एक पातळ आवरण असतं, त्याला फॅशिया म्हणतात. डॉक्टर कानामागे किंवा कानाच्या वर चीर देऊन त्याचा तुकडा काढतात, वाळवतात आणि भोकाखाली सरकवतात. वाळलेला तुकडा मी पाहिला आहे. थेट ज्वारीच्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा दिसतो. या पद्धतीत साधारण दहापैकी आठ-नऊ जणांचं भोक बुजतं.

मग यात झाडाचं काय काम?

कारल्याची वेल मोकळ्या हवेत वर चढत नाही, तिला मांडव लागतो. पेशींनाही लागतो. अशा मांडवाला शास्त्रज्ञ स्कॅफोल्ड म्हणतात. मी मांडवच म्हणेन. वनस्पतींकडे असा मांडव तयार असतो, त्याचं नाव सेल्युलोज. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. लाकडात, गवतात, उसाच्या चिपाडात तेच.

तो मिळवण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक घोसाळ्याची. वाळलेलं घोसाळं सोलून, बिया झाडून अंग घासायची जाळी करतात ना, तसंच. सफरचंदाची फोड किंवा पालकाचं पान शाम्पूत असतो तसल्या साबणी रसायनात भिजवून त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढायच्या. उरते ती पांढरी, पारदर्शक जाळी. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात अँड्र्यू पेलिंग यांच्या गटाने अशा सफरचंदाच्या जाळीवर माणसाच्या आणि उंदराच्या पेशी वाढवल्या. २०१६ मध्ये ती जाळी उंदरांच्या कातडीखाली ठेवली, तर आठ आठवड्यांत तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकमध्ये २०१७ साली धुतलेल्या पालकाच्या पानावर हृदयाच्या पेशी आकुंचन पावू लागल्या. फोटोतला तो सफरचंदाचा कान मात्र बाहेरची पाळी आहे. ऐकण्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरी वाट चुलतभावाच्या प्रश्नातली. व्हिनेगरच्या बरणीत कधी कधी वर चिवट साय धरते. ती साय म्हणजे जिवाणूंनी साखर खाऊन विणलेलं सेल्युलोज. हे जिवाणू उसाच्या मळीवर पोसता येतात. ब्राझीलमध्ये, जिथे ऊस आपल्यापेक्षाही दांडगा आहे, अशी पातळ साय धुऊन वाळवून कानाच्या पडद्यावर लावून पाहिली गेली. तिथल्या एका अभ्यासात चाळीस रुग्णांपैकी काहींना फॅशिया आणि काहींना ही साय लावली. भोक बुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं आलं. वेळ मात्र तासाभरापेक्षा जास्त होता तो पंधरा मिनिटांच्या आसपास आला, कारण फॅशिया काढण्यासाठी चीरच द्यावी लागली नाही.

म्हणजे मळीची बातमी खोटी नाही. फक्त चाळीस माणसं म्हणजे आमच्या एका वर्गाच्या निम्मी. तेवढ्यावर कारखाना उभा राहत नाही.

"झाडाचंच आहे, अपाय कसला?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि माझं भांडणही याच प्रश्नाशी आहे. माझ्या कानात गेलेला लसूणही झाडाचाच होता.

ऑपरेशनचे रबरी हातमोजे घ्या. रबर झाडाच्या चिकाचं. ते हातात सहज चढावेत म्हणून आत लावलेली पावडर मक्याच्या पिठाची. दोन्ही वनस्पतीजन्यच. तरीही रबराच्या प्रथिनांची ॲलर्जी कित्येक डॉक्टर-नर्सना झाली, आणि मक्याची पावडर जखमेत सांडली की पोटात आतडी चिकटायची, गाठी व्हायच्या. शेवटी २०१७ मध्ये अमेरिकेने पावडरच्या हातमोज्यांवर बंदीच घातली.

किंवा आपला कापूस. ऑपरेशनच्या वेळी कापसाची पट्टी चुकून पोटात राहिली तर शरीर तिच्याभोवती गाठ बांधतं. त्या गाठीला वैद्यकात गॉसिपिबोमा म्हणतात, आणि गॉसिपियम हे कापसाचं शास्त्रीय नाव. बैलाच्या पोटातले जंतू कडबा पचवतात. आपल्या शरीरात सेल्युलोज तोडणारं पाचकच नाही. त्यामुळे साधं सेल्युलोज आत ठेवलं की ते तिथेच राहतं, वर्षानुवर्षं.

पण याची दुसरी बाजूही बघा. सेल्युलोजवर एक रासायनिक प्रक्रिया केली की ते शरीरात विरघळतं. रक्त थांबवायला अशी जाळी शस्त्रक्रियेत १९४०च्या दशकापासून वापरात आहे. रूट कॅनॉल करून घेतली असेल तर तुमच्या दाढेत बहुधा गटापर्चा नावाचा झाडाचा चीक आत्ता बसलेला आहे, आणि त्याचा तुम्हाला पत्ताही नाही. थोडक्यात, 'झाडाचं' या शब्दावरून पदार्थ चांगला की वाईट काहीच ठरत नाही. ते परीक्षेत ठरतं.

पिवळ्याचं जांभळं झालं पाहिजे

परीक्षा बशीत सुरू होते. पदार्थाचा तुकडा शरीराइतक्या उबेला, ३७ अंशाला, पेशींच्या पोषक द्रवात दिवसभर ठेवतात. त्यातून जे काही पाझरायचं ते पाझरू देतात. मग तो द्रव उंदराच्या पेशींवर घालतात. दुसऱ्या दिवशी एक पिवळा रंग टाकतात. जिवंत पेशी तो पिवळा रंग जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा जितका गडद तितक्या पेशी जगल्या. आंतरराष्ट्रीय मानकानुसार जगलेल्या पेशी तुलनेच्या बशीतल्या पेशींच्या सत्तर टक्क्यांखाली गेल्या तर पदार्थ विषारी धरतात.

घोसाळ्याच्या वाटेने आलेली नमुनेमंडळी इथे आपटू शकतात. दोष झाडाचा नसतो, धुलाईचा असतो. पेशी काढायला वापरलेलं साबणी रसायन जाळीत अडकून राहतं आणि तेच पेशींना मारतं.

मेलेल्या विंचवाची नांगी

दुसरी परीक्षा मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटते. शेतातल्या मातीत, बोंडात, पाण्यात जिवाणू असतात. उकळले की मरतात. पण त्यांतल्या काहींच्या कवचात एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य असतं, आणि ते जिवाणू मेल्यावरही शिल्लक राहतं. विंचू मेला तरी नांगीतलं विष संपत नाही, तसं. नेहमीच्या १२१ अंशाच्या वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये ते टिकतं. ते नष्ट करायला अडीचशे अंशाची कोरडी उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत सेल्युलोज करपतं. मळीवर साय विणणारे जिवाणूही याच जातकुळीतले. म्हणून ती साय अल्कलीत उकळून, पुन्हा पुन्हा धुऊन मग तपासतात.

तपासायची रीत तर आणखी अजब. नालखुरी खेकडा नावाचा निळ्या रक्ताचा समुद्री जीव आहे. त्याच्या रक्तातून काढलेलं द्रव्य एंडोटॉक्सिन दिसताच गोठतं. म्हणजे उसाच्या मळीपासून बनलेली साय माणसाच्या कानात जाण्याआधी खेकड्याच्या रक्ताची परवानगी घेते.

कानाच्या खास अटी

इथवरच्या परीक्षा हाडाच्या किंवा जखमेच्या पदार्थालाही द्याव्या लागतात. कान मात्र याच्या वर आणखी चार गोष्टी मागतो.

पहिली थरथरीची. मृतदेहाच्या कानात तो तुकडा बसवतात, आवाज सोडतात आणि लेझरने पडदा किती हलतो ते मोजतात. इथे 'बद्द' वाजलं तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

दुसरी जास्त गंभीर. पडद्याच्या मागे, काही मिलिमीटरवर, आतल्या कानाची एक मऊ खिडकी असते. पदार्थातून काही घातक पाझरलं तर ते त्या खिडकीतून आत जातं. आत ऐकण्याच्या केसपेशी आहेत, एका कानात पंधरा-सोळा हजार. माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. पडदा बुजला आणि कान बहिरा झाला, तर काय मिळवलं? म्हणून जनावरांवरच्या चाचणीत आधी आणि नंतर बेरा करतात. कानाच्या ओपीडीत लहान लेकरांची करतात तीच ही तपासणी. डोक्यावर तारा लावून, आवाज ऐकल्यावर मेंदूकडे जाणारा संदेश बघायचा.

तिसरी जंतूंची. वाहत्या कानात चिवट जंतू असतात आणि ते थर करून बसतात. जाळीदार पदार्थ हा पेशींचा मांडव आहे तसा जंतूंचाही होऊ शकतो.

आणि चौथी, जिची डॉक्टर मंडळी सगळ्यात जास्त धास्ती घेतात: बाहेरची कातडी मांडवावरून चुकून आतल्या बाजूला वाढली तर तिथे तिची गाठ होते आणि ती हाड कुरतडत जाते. आपल्याकडे 'कानातलं हाड सडलं' म्हणतात ते बऱ्याचदा हेच. म्हणून पडदा बुजला एवढं पाहून भागत नाही, कातडी कोणत्या बाजूला वाढली तेही पाहावं लागतं.

जनावराचा पडदा आपोआप भरतो, तीच अडचण

उंदराच्या किंवा गिनीपिगच्या पडद्याला भोक पाडलं की ते काही दिवसांत स्वतःच बुजतं. मग श्रेय कुणाला द्यायचं, ठिगळाला की निसर्गाला? प्रयोग करणाऱ्यांना आधी असं भोक तयार करावं लागतं जे बुजणार नाही, आणि ते काम भोक बुजवण्याइतकंच जिकिरीचं असतं. म्हणून 'प्राण्यांमध्ये शंभर टक्के यश' असं वाचलं की मी आधी बघतो की तुलनेला दुसरा कान मोकळा सोडला होता का.

त्यानंतर माणसं. आपल्याकडे अशा वस्तू २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. धोक्यानुसार अ ते ड असे वर्ग असतात, आणि शरीरात बसवायच्या वस्तू वरच्या वर्गांत जातात. रुग्णालयाच्या नैतिक समितीची मान्यता, सरकारी नोंदवहीत चाचणीची आधी नोंद आणि रुग्णाच्या भाषेतलं संमतिपत्र, एवढं झाल्याशिवाय पहिला कान उघडता येत नाही.

"पण आपली फॅशिया फुकट आहे की"

ही हरकत मला रास्त वाटते. नव्या पदार्थाला फॅशियाला हरवायचं आहे, आणि फॅशिया तगडी आहे. शरीर तिला नाकारत नाही, तिला पैसे लागत नाहीत.

तरी तीन ठिकाणी गरज उरते. ज्यांची दोन-तीन ऑपरेशनं फसली आहेत, त्यांच्याकडे काढायला चांगली फॅशिया शिल्लक नसते. दुसरे म्हणजे लहान भोकं असलेले लोक. त्यांचं काम ओपीडीत खुर्चीवर पंधरा मिनिटांत झालं, तर ऊसतोडीला निघालेल्या माणसाचे आठ दिवस वाचतात. आमच्याकडे दिवाळीनंतर टोळ्या बाहेर पडतात त्या उन्हाळ्यातच परततात. 'तारीख घ्या आणि भरती व्हा' हे त्यांना परवडत नाही.

तिसरं कारण सहसा कुणी बोलत नाही. पडदा बसवल्यावर तो जागेवर राहावा म्हणून कानात विरघळणाऱ्या स्पंजचे तुकडे भरतात. हा स्पंज जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांतून येतं. माळकरी माणसाला किंवा मुसलमान शेजाऱ्याला हे आधी सांगायला हवं की नको? मला वाटतं हवं. मग त्याने हो म्हणावं किंवा नाही. वनस्पतीपासून तसाच स्पंज बनला तर हा पेच सुटेल. आणि पडद्यापेक्षा स्पंजची परीक्षा सोपी आहे, कारण त्याला थरथरायचं नसतं, फक्त थोडे दिवस टिकून नाहीसं व्हायचं असतं. माझा अंदाज विचाराल तर झाडाची वस्तू मराठवाड्यातल्या कानात आधी स्पंज म्हणून शिरेल.

रेशमाचा पडदा म्हणून जे ऑस्ट्रेलियात चाललंय ते यात धरू नका. जालन्याच्या बाजारात कोष विकणाऱ्याला माहीतच आहे, रेशीम तुतीचं नसतं, अळीचं असतं.

मग आपला कापूस, आपली मळी?

चुलतभावाचा मूळ प्रश्न राहिला. कच्चा माल आपल्याकडे आहे यात शंका नाही. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि फुटक्या कानांचीही वानवा नाही. पण वैद्यकीय वस्तूचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यासारखाच असावा लागतो. आपल्या कापसाचं काय होतं? एका वर्षी बोंडअळी, एका वर्षी पावसाची दडी, आणि फवारणी किती वेळा झाली ते शेतकऱ्यालाही धड आठवत नाही. फवाऱ्याचा अंश कानाच्या आतल्या खिडकीपाशी चालणार नाही. मळीची साय याबाबतीत बरी, कारण ती बंद टाकीत वाढते आणि तिचं खाणं-पिणं मोजता येतं. शिवाय एका पडद्याला सेल्युलोज लागतं ते चिमटीच्याही कमी. अख्ख्या देशाच्या कानांची भोकं बुजवली तरी कारखान्याची एका दिवसाची मळी संपायची नाही. म्हणून त्याला सांगितलं, उसाच्या भावाला याने काही फरक पडणार नाही.

तोवर कान वाहत असेल तर

कानात कुठलंही तेल सोडायचं नाही, पाल्याचा रसही नको. पाणी जाऊ द्यायचं नाही. दोन आठवड्यांहून जास्त कान वाहत असेल तर कानाच्या डॉक्टरला दाखवायचं, आणि आधी ऑडिओमेट्री करून कान किती ऐकतो ते कागदावर घ्यायचं. घाण वास येत असेल, चक्कर येत असेल किंवा तोंड एका बाजूला वाकडं होत असेल तर त्याच दिवशी जायचं.

माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, आपल्याच फॅशियाने. मी डॉक्टरांना विचारलं, "स्पंज कशाचा वापरता?" ते म्हणाले, "सर, वीस वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिले." मग त्यांनी सिस्टरकडून पाकीट मागवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचायला घेतली.